पाण्याचा दिवस, शाळेचा डबा आणि बेचाळीस किलोमीटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात राहणाऱ्या ३७ वर्षांच्या एका शिक्षिकेने दोन अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या असून दुसरीला त्यांना २ तास ३५ मिनिटे लागली. येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावण्याची त्यांची इच्छा आहे. घरी १० वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा, गुडघेदुखीने त्रस्त सासूबाई आणि रेल्वेत पाळीची ड्यूटी असलेले यजमान आहेत. सध्या त्या आठवड्यातून पाच दिवस पहाटे धावतात आणि रविवारी अनशापोटी, सोबत फक्त पाण्याची बाटली घेऊन, किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या गतीने १८ किलोमीटर करतात. मागच्या महिन्यात मुलगी त्यांना म्हणाली, "आई, रविवारी तू घरी असतेस, पण झोपलेलीच असतेस." तेव्हापासून हा नाद सोडून द्यावा की काय, असे त्यांना वाटू लागले आहे.

नाद सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मी गेली १७ वर्षे लांब पल्ल्याचे धावते आहे आणि त्यांपैकी ११ वर्षे सोलापुरातल्या धावणाऱ्यांची, विशेषतः नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रियांची, तयारी करून घेते आहे. त्या अनुभवावरून सांगते, मुलीचे ते वाक्य तुम्ही तक्रार म्हणून ऐकलेत, पण सरावात काय चुकते आहे याचे इतके नेमके निदान एखाद्या प्रशिक्षकालाही सहज जमले नसते. ज्या स्त्रीने २१ किलोमीटर दोनदा पूर्ण केले आहेत, तिला १८ किलोमीटरनंतर दुपारभर डोळे उघडता येऊ नयेत, ही सामान्य गोष्ट नाही. त्या झोपेचे कारण सापडले की रविवारही परत मिळेल आणि बेचाळीसची तयारीही सुधारेल.

आधी गतीचा हिशेब करू. तुमची अर्धमॅरेथॉनमधली गती किलोमीटरला सुमारे ७ मिनिटे २१ सेकंद येते, आणि दर रविवारी तुम्ही साडेसातने धावता. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही जवळजवळ एक स्पर्धाच धावता आणि सोमवारी पुन्हा फळ्यासमोर उभ्या राहता. लांब धावण्याचा हेतू हृदय, स्नायू, कंडरा आणि हाडे यांना दीर्घकाळ काम करण्याची सवय लावणे हा असतो, आणि ही सवय संथ गतीनेच नीट लागते. तुम्हाला रविवारची गती सव्वाआठ ते पावणेनऊ मिनिटे ठेवावी लागेल. पहिले दोन आठवडे ती अपमानास्पद वाटेल, शेजारून चालणारे काकाही पुढे जातील की काय अशी शंका येईल, पण ती सोडू नका. पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज बांधताना अर्धमॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून त्यात नवख्या माणसासाठी वीस ते चाळीस मिनिटे मिळवावीत, असा आमचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तुम्हाला साधारण साडेपाच ते पावणेसहा तास लागतील, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्धेतही गती आठ मिनिटांच्या आसपासच असेल.

दुसरे कारण अनशापोटी धावणे. रात्रभराच्या उपवासाने यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आधीच बराच उतरलेला असतो, आणि त्यावर दोन सव्वादोन तास जोराने धावले की स्नायूंमधला साठाही तळाला जातो. मग घरी येऊन अंघोळ करून जरा आडवे व्हावे म्हटले की डोळा लागतो तो तीनलाच उघडतो, आणि उठल्यावर चिडचिड होते ती मुलांवर. निघण्यापूर्वी एक केळे किंवा दोन-तीन खजूर खा, चहा लागत असेल तर अर्धा कप घ्या. दीड तासापेक्षा जास्त धावणार असाल, तर पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाने थोडे थोडे काही तोंडात टाकत राहा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तुम्ही तिसाने सुरुवात करा. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात, खजूर आणि गुळाचे खडे खिशात सहज मावतात, लिंबू-साखर-मिठाचे सरबत बाटलीत नेता येते. येथे एक गैरसमज सांगून ठेवते. ओआरएसला आपल्याकडे बरेच जण ताकदीचे पाणी समजतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असते. त्यातून मीठ भरून निघते, इंधन मिळत नाही. घरी परतल्यावर तासाभराच्या आत पोटभर नाश्ता करा. उपीट असो वा चुरमुऱ्यांचा सुशीला, त्याच्या सोबतीला दूध, अंडे, मोड आलेली मटकी किंवा मूठभर शेंगदाणे असू द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर इतके लांबवते आहे तिच्याकडे वळते, कारण गती आणि आहार कोणीही सांगेल. माझ्या पहिल्या पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीतली गोष्ट आहे. आमच्या भागात तेव्हा चार दिवसांनी पाणी येत असे, आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ते रात्री पावणेदोनला सुटले. मी उठून मोटर लावली, गच्चीवरची टाकी भरेपर्यंत खालचा पिंप, दोन हंडे, स्वयंपाकघरातली कळशी आणि न्हाणीतल्या बादल्या भरल्या, पाईप गुंडाळून ठेवला आणि आडवी झाले तेव्हा सव्वातीन वाजले होते. साडेचारला गजर झाला आणि ठरले होते म्हणून मी निघाले. विजापूर रस्त्यावरून परत येताना, घर अजून सहा किलोमीटरवर असताना, उजव्या पोटरीवर मागून कोणी दगड मारल्यासारखे वाटले. मी वळून पाहिले, मागे कोणीही नव्हते. पोटरीचा स्नायू फाटला होता आणि पुढचे पाच आठवडे मी लंगडत शाळेत गेले.

त्या पाच आठवड्यांत मी माझी सरावाची वही पुन्हा पुन्हा चाळली आणि तिच्यात काहीच चूक सापडेना. आठवड्याचे अंतर आधीच्या आठवड्याइतकेच, ४८ किलोमीटर होते. गती बेताची होती. बूटही नवे होते. चूक दिसत नव्हती, कारण वहीत फक्त किलोमीटर लिहिलेले होते. त्याच आठवड्यात मुलाच्या तापापायी दोन रात्री जागून काढल्या होत्या, शाळेत चाचणीचे पेपर तपासले होते आणि वर हे पाणी भरले होते, त्याची नोंद कुठेच नव्हती. शरीर मात्र किलोमीटरचे खाते वेगळे आणि हंड्या-कळश्यांचे खाते वेगळे असे ठेवत नाही. जागरण, उभे राहून केलेला स्वयंपाक, काळजी, कडेवरचे मूल आणि धावणे हा सारा भार एकाच पोटरीवर येतो, आणि तो सावरायला झोपेचे तेवढेच तास मिळतात.

म्हणून तुमच्या तयारीची सुरुवात आठवड्याच्या किलोमीटरने करू नका. स्वयंपाकघरात जे कॅलेंडर टांगलेले असेल ते खाली काढा आणि सगळ्यांना घेऊन बसा. पहिल्यांदा शाईने घरचे लिहा: पाणी येण्याचे दिवस, यजमानांची रात्रपाळी, मुलीच्या चाचण्या, तुमच्या शाळेतली परीक्षा आणि स्नेहसंमेलन, सासूबाईंची दवाखान्याची तारीख, लग्नकार्ये, सण. ते पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत धावण्याचे दिवस पेन्सिलीने लिहा. शाईचे खोडता येत नाही आणि पेन्सिलीचे खोडता येते, एवढाच त्यातला हेतू आहे. मुलीच्या हातात खोडरबर द्या. दहा वर्षांच्या मुलीला हे काम आवडते, आणि आईचा रविवार कुठे जातो हे तिला कागदावर दिसू लागते.

पेन्सिलीने काय लिहायचे ते आता सांगते. पाच दिवसांचे चार करा. आठवड्याच्या मधले दोन दिवस पाऊण ते एक तास, शनिवारी संध्याकाळी पस्तीस-चाळीस मिनिटे आणि रविवारी लांबचे. शनिवारी तुमची सकाळची शाळा असते, त्यामुळे त्या पहाटेला हात लावू नका, निवांत डबा भरा. मधल्या दोन दिवसांपैकी एका दिवशी, पाय तयार झाल्यानंतर म्हणजे ऑक्टोबरपासून, आसरा पुलाचा चढ पहाटे वाहने नसताना चार-सहा वेळा चढून उतरा. आपले गाव सपाट आहे, आणि मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ नेमका शेवटच्या टप्प्यात, पाय थकलेले असताना येतो. पाणी रात्री आले असेल, तर दुसऱ्या दिवशीचे धावणे रद्द समजा. सलग दोन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, तर पुढचे धावणे निम्म्यावर आणा. राहिलेले धावणे दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. माझ्याकडे आलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक दुखापती या भरून काढण्याच्या हट्टातून झालेल्या आहेत. वहीत किलोमीटरच्या शेजारी झोपेचे तास आणि अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली नाडी लिहीत जा. नाडी रोजच्यापेक्षा सात-आठ ठोक्यांनी वाढलेली दिसली, तर त्या दिवशी फक्त चालायला जा.

रविवार मी अंतराने मोजत नाही, वेळेने मोजते. ऑगस्टच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत साधारण चोवीस रविवार हाती येतात, आणि ते सगळे लांब धावण्यात घालवण्याची गरज नाही. एका आड एक रविवारी लांब धावा. पहिल्यांदा सव्वादोन तास, मग अडीच, पावणेतीन, तीन असे करत डिसेंबरच्या अखेरीपर्यंत साडेतीन तासांवर या. मधल्या रविवारी तासा-दीड तासाच्या वर जाऊ नका. साडेतीन तासांत तुमचे चोवीस-पंचवीस किलोमीटर होतील. बत्तीस-पस्तीस केल्याशिवाय बेचाळीस होत नाही असे तुम्हाला पुष्कळ जण सांगतील, आणि चार तासांत पूर्ण करणाऱ्यांच्या बाबतीत ते योग्यही आहे, परंतु साडेपाच तास लागणाऱ्या धावपटूने सरावात साडेचार-पाच तास रस्त्यावर काढले, तर त्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा पुढचे दहा दिवस बिघडण्याचे नुकसान मोठे असते. दोन-तीन वेळा शनिवारच्या संध्याकाळी तासभर धावून दुसऱ्या पहाटे अडीच तास करा, म्हणजे थकलेल्या पायांनी निघण्याचीही सवय होईल. सर्वांत लांबचे धावणे स्पर्धेच्या तीन आठवडे आधी पूर्ण करा, आणि त्यानंतरच्या रविवारी दोन तास, मग सव्वा तास असे उतरत या.

या हिशेबाने अगदी लांबच्या रविवारीही साडेचारला निघून आठ वाजता संपते, आणि साडेआठला तुम्ही सगळ्यांबरोबर नाश्त्याला बसलेल्या असता. दुपारी अर्धा-पाऊण तास झोपा, तीही मुलगा झोपतो त्याच वेळी, गजर लावून. शनिवारच्या रात्री साडेनवाला दिवा मालवायचा नियम घरात झाला, तर ही दुपारची झोपही पुरते.

शनिवारची संध्याकाळ मी मुद्दाम ठेवली आहे. मुलीला सायकल घेऊन सोबत येऊ द्या. संथ गतीची सर्वांत जुनी कसोटी म्हणजे धावताना पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, आणि दहा वर्षांची मुलगी शेजारी सायकलवर असेल तर बोलावेच लागते. माझा मुलगा त्या वयाचा असताना मी त्याला धावता धावता आमच्या आजोळची, हुरड्याच्या दिवसांतल्या शेतातली हकिगत सांगत असे. वाक्य मध्येच तुटले की तो सायकलची घंटी वाजवत असे आणि मी गती कमी करत असे. घड्याळातल्या हृदयगतीच्या आकड्यापेक्षा त्या घंटीने मला अधिक शिकवले. मात्र तिला यायचे नसेल त्या दिवशी आग्रह करू नका, आणि धावणे हा घरातला एकमेव विषय होऊ देऊ नका. आपण आपल्या आनंदासाठी धावतो, मुलांनी आपले टाळकरी व्हावे ही अपेक्षा योग्य नाही.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, "त्यांना हे फारसे पसंत नाही." माझ्या अनुभवात घरच्या वडीलधाऱ्या माणसांचा धावण्याला विरोध क्वचितच असतो, सून अंधारात कुठे गेली आणि कधी येईल हे ठाऊक नसणे त्यांना सोसत नाही. त्यात यजमान रात्रपाळीहून येऊन झोपलेले असतील, तर उठलेल्या चार वर्षांच्या नातवामागे दुखऱ्या गुडघ्यांनी धावण्याचे काम न विचारताच त्यांच्यावर येऊन पडते. त्यांना गृहीत धरू नका. आदल्या रात्री मार्ग आणि परतण्याची वेळ सांगा, आणि सव्वाआठ म्हटले असेल तर तीन किलोमीटर राहिले तरी सव्वाआठला दारात हजर राहा. वेळ पाळा, अंतर राहू द्या. दोन महिन्यांत फरक दिसेल. रात्रपाळीच्या आठवड्यात मधली दोन्ही धावणी संध्याकाळी, मुलीच्या क्लासच्या वेळेत उरका. पहाटे एकटीने लांब जाऊ नका. मोठ्या रस्त्याऐवजी घराभोवतीच्या वसाहतींतून दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या घ्या, म्हणजे पाणी आणि खाणे फाटकाशी ठेवता येते आणि काही झाले तर घर जवळ असते. रस्त्याच्या उजव्या बाजूने, वाहने समोरून दिसतील असे धावा, अंगावर चमकणारी पट्टी असू द्या. भटकी कुत्री मागे लागली तर थांबून त्यांच्याकडे तोंड करा आणि चालत निघा, पळू नका.

धावायला बळ येण्यासाठी वेगळा तास काढण्याची गरज नाही. दूध तापेपर्यंत ओट्याशी उभे राहून टाचा उचलण्याचे पंधरा-पंधराचे तीन संच होतात. पुढे तेच एका पायावर करा. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, एका पायाने पायरी चढ-उतार आणि कोपरांवर अंग तोलून धरणे, एवढे पंधरा मिनिटांत आटोपते. बूट ५०० ते ८०० किलोमीटर झाल्यावर बदला, आणि नवी जोडी डिसेंबरच्या सुरुवातीलाच घ्या.

येत्या आठवड्यात रक्त तपासून घ्या, हे मात्र टाळू नका. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, आणि १२ च्या वर असूनही फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा कमी असू शकतो; पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ही शक्यता अधिक वाढते. दुपारच्या झोपेचे एक कारण तेथेही दडलेले असू शकते. शाकाहारी असाल तर बी-१२ देखील पाहा. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, आणि जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेणे सोडा, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. ताटात लिंबाची फोड असेल तर त्याला मदत होते. रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणे किंवा घरात तरुण वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणखी एक गोष्ट स्त्रिया मला शेवटी, इतर सगळे निघून गेल्यावर, दबक्या आवाजात विचारतात म्हणून येथे उघडपणे लिहिते. दोन बाळंतपणांनंतर धावताना किंवा खोकताना लघवीचे थेंब गळणे ही लपवून सोसण्याची गोष्ट नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने ते होते, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामांनी बहुतेकींना चांगला फरक पडतो.

सणांचे वेळापत्रक तुमच्या तयारीच्या नेमके मधून जाते, आणि ते अडथळा म्हणून पाहू नका. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करत असाल, तर ते हलके आठवडे धरा; पहाटे रूपाभवानीला चालत जाल तेवढे पुरे, उपवासाच्या पोटी लांबचे धावणे नको. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणार असाल, तर ते अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही जास्त. पाठीवर पिशवी आणि पायात साधी चप्पल घालून रात्रभर चालणाऱ्या आपल्याकडच्या बायका पाहिल्या की सहनशक्ती हा शब्द मला कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ते चालणे त्या पंधरवड्याचे लांबचे धावणे समजा आणि पुढचे पाच-सहा दिवस विश्रांती घ्या. दिवाळीच्या फराळासाठी चार-पाच तास कढईपुढे उभे राहणे हाही सरावाइतकाच थकवणारा भार आहे, तो वहीत लिहा. डिसेंबरात शाळेचे स्नेहसंमेलन आणि तुमचे सर्वांत लांब धावणे एकाच आठवड्यात येणार नाही, हे कॅलेंडरवर आत्ताच पाहून ठेवा.

खरा पेच गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेचा आहे. जानेवारीचा तिसरा रविवार १५ ते २१ या तारखांतच येतो, म्हणजे ही यात्रा दरवर्षी स्पर्धेच्या तोंडावरच पडते. यात्रा चुकवा असे मी कोणत्याही सोलापूरकराला सांगणार नाही. अक्षता सोहळा जरूर पाहा, पण बसायला जागा मिळेल अशा बेताने लवकर जा, आणि नंदीध्वजांच्या मागे अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर चालण्याचा मोह या एका वर्षी आवरा. मुलांना पाळण्यात बसवण्याचे वचन परतल्यानंतरचे द्या. पाळणे मुख्य विधींनंतरही बरेच दिवस असतात. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, तेव्हा तुमच्या घरचे स्पर्धेनंतरच ठेवा. शेवटचे दोन दिवस शेंगाचटणी, भोगीची मिसळीची भाजी आणि बाहेरचे खाणे दूर ठेवून दहीभात, मुगाची खिचडी, पोळी असे पोटाला साधे पडेल ते खा.

मुंबईच्या हवेबद्दल आपल्याकडचे धावणारे हमखास फसतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि अंग थंड होत राहते. मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते, घाम अंगावरून नुसता ओघळतो आणि त्याच गतीला हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून पहिले दहा किलोमीटर किलोमीटरला सव्वाआठ मिनिटांच्या आत येऊ नका, मग घड्याळ काहीही सांगो. पाणी तहानेप्रमाणे प्या. आत्तापासून तीन-चार रविवारी धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट चालते. धावल्यावर वजन वाढलेले दिसले, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पीत आहात, आणि त्यामुळे रक्तातले सोडियम घसरून डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण येऊ शकते. ही स्थिती जिवावरही बेतते. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला उभ्या राहू नका, कारण घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ मध्ये कायमचे ठरले. त्यात सवलत मिळत नाही, तारीख मात्र दरवर्षी येते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत तीन तासांचे धावणे दोनदा सुखाने झालेले नसेल, हाडावर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखत असेल, किंवा घरात आजारपण आले असेल, तर त्या जानेवारीला नाव काढून घ्या. मी स्वतः एकदा असे केले आहे, आणि पुढच्या वर्षी तीच स्पर्धा शेवटपर्यंत हसत पूर्ण केली.

सर्व नीट पार पडले, तर शुक्रवारीच मुंबईला पोहोचा, म्हणजे धावण्याचा क्रमांक घेण्याची धावपळ आणि विश्रांती यांची गल्लत होणार नाही. मुलांना न्यायचे की नाही ते यजमानांची रजा पाहून ठरवा. नेलेत तर पहाटे पाचच्या आधी त्यांना उठवून आणू नका, नऊनंतर शेवटच्या टप्प्याजवळ उभे केले की पुरे. स्पर्धा सुरू होते आणि संपते ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात, आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेसही तेथूनच सुटते, त्यामुळे सोमवारी सकाळी तुम्ही सोलापुरात असाल. खालचा बर्थ मिळेल असे तिकीट काढा, कारण त्या रात्री वरच्या बर्थवर चढणे तुम्हाला जमणार नाही. सोमवारची रजा मुख्याध्यापकांकडे आत्ताच मागून ठेवा, आणि कॅलेंडरवर ती शाईने लिहा.